साडी पडवीत नेऊन बघा

"शनिवारी दुपारी तीनपासून, आमच्याकडे. साड्या आणि हातमागाचे कुर्ते. नुसतं बघायला आलात तरी चालेल." आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात आळीतल्या काकूंचा हा निरोप आला आणि मी दोन दिवस नुसती विचार करत राहिले. गौरीला सून पहिल्यांदा ओवसायला, म्हणजे सुपं घेऊन गौर पुजायला, येणार होती. तिच्यासाठी साडी तर घ्यायचीच होती. दापोलीत दुकानं आहेत, खेड-चिपळूणला तर आणखी मोठी आहेत. पण घरी भरलेल्या प्रदर्शनातून घ्यायची का, या प्रश्नाला माझ्याकडे एक जुनी जखम चिकटलेली होती.

२०१७ च्या श्रावणात आमच्याच नात्यातल्या एका घरी असंच प्रदर्शन भरलं होतं. बाहेरगावच्या एक बाई चार मोठ्या बॅगा घेऊन आल्या होत्या. माजघरात सतरंज्या, वर पांढऱ्या चादरी, ट्यूबचा लख्ख उजेड. आम्ही बाराजणी बसलो होतो. यजमानीणबाईंनी घावन-चटणी केली, मग चहा. मोरपंखी रंगाची एक साडी माझ्या खांद्यावर टाकली गेली आणि तीनचारजणी एकदम म्हणाल्या, "अगं, तुझ्यासाठीच विणलीय ही!" शुद्ध रेशीम, ६,२०० रुपये. बिल मागायचं सुचलंसुद्धा नाही. नात्यातल्या घरी बिल कोण मागतं?

ती साडी मी लग्नाकार्यांत पाचसहा वेळा नेसले आणि जपूनही ठेवली.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या घराची मागची कौलं त्या दुपारी गेली आणि आईची पत्र्याची ट्रंक पाण्याने भरली. दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात, उरलेल्या दोन माडांमध्ये दोरी बांधून साड्या पसरल्या. आईच्या नारायणपेठीचा रंग काठात उतरला होता. माझ्या लग्नातल्या शालूवर पाण्याचे नकाशे उमटले होते, जर जागोजागी काळपट पडली होती. शालू हातात घेऊन मी खरंच रडले. आणि त्या दोरीवर शेवटी ती मोरपंखी साडी होती. झटकली, तासाभरात वाळली, एक सुरकुती नाही, एक डाग नाही. मला क्षणभर आनंदच झाला, एक तरी वाचली म्हणून.

माझ्या जाऊबाईंनी ती हातात घेऊन बराच वेळ चोळून बघितली. मग पदराच्या गोंड्यातला एक धागा ओढला, काडी पेटवली आणि धागा तिच्यावर धरला. धागा जळला नाही. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला मोहरीएवढा काळा, कडक मणी झाला. खरं रेशीम जळतं तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो, काडी बाजूला केली की बहुधा आपोआप विझतं आणि राख बोटांत चुरगळते. जाऊबाईंनी शालूचा एक धागा काढून तेही दाखवलं. तोच वास, तीच मऊ राख. ज्याला पाण्याने इजा केली ते रेशीम होतं आणि जे धडधाकट राहिलं ते पॉलिस्टर.

मी त्या नातेवाइकांना आजतागायत काही बोललेले नाही. त्यांची यात चूक नव्हती, त्यांनाही बाईंनी तेच सांगितलं असणार. पण घरातल्या खरेदीचं खरं दुखणं इथेच आहे. दुकानदाराशी भांडता येतं, बिल घेऊन परत जाता येतं. ज्यांच्या घरचं घावन खाल्लं त्यांच्या दारात साडी परत घेऊन कसं जाणार? भीड ही फार महागाची गोष्ट आहे, आणि ती आपण पैशांबरोबर मोजत नाही.

म्हणून या वेळी जायचं ठरवलं तेव्हा तयारीने गेले. पिशवीत मोजायची टेप, एक पांढरा सुती रुमाल, चष्मा. किती खर्च करायचा तो आकडा घरी कागदावर लिहून यजमानांना दाखवला: साडीला सात हजार आणि स्वतःला एक कुर्ता. आकडा कोणाला तरी सांगून निघालं की तो पाळला जातो, हा माझा अनुभव आहे.

पाऊस असा होता की पागोळ्यांपलीकडचं अंगण दिसत नव्हतं. काकूंनी पडवीत बादली, तांब्या आणि दोन जुने पंचे ठेवले होते. लाल चिखलाचे पाय धुऊन, पुसूनच आत. विक्रीला आलेल्या दोघी सख्ख्या बहिणी, कोल्हापूरकडच्या. कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरून पहाटेच निघून आल्या होत्या. साड्या त्यांनी मांजरपाटात बांधल्या होत्या आणि वरून प्लास्टिक. थोरलीने आल्या आल्या काकूंना सांगितलं, "खाणं आपण शेवटी ठेवू या काकू, तेलाच्या हाताने साड्या नकोत." एवढ्या एका वाक्यावर माझा तिच्याबद्दलचा ग्रह निम्मा चांगला झाला.

उरलेला निम्मा व्हायला मी तिला सरळच विचारलं, "काकूंना यात काय मिळतं?" बायका जरा चपापल्या. थोरली मात्र शांतपणे म्हणाली, "जेवढी विक्री होईल तिच्या शंभराला पाच रुपये, किंवा त्या किमतीची साडी. काकूंनी साडी घ्यायचं म्हटलंय." काकूही हसून म्हणाल्या, "अगो, मला लपवायचं काय त्यात?" बोलून टाकल्यावर खोलीतली हवाच बदलली. काकूंच्या "घे गं, छान दिसतेय"चं वजन किती धरायचं ते प्रत्येकीला कळलं. मला वाटतं, घरी प्रदर्शन भरवणाऱ्या प्रत्येक बाईने हे सुरुवातीलाच सांगावं. आदरातिथ्य आणि व्यवहार एकाच चादरीवर बसले की दोघांची ओळख करून द्यायला हवी.

भवानी, म्हणजे पहिली खरेदी, काकूंच्या थोरल्या सुनेने केली, निळ्या मंगळगिरी साडीवर. मग गठ्ठे सुटायला लागले.

घरच्या खरेदीत मला सगळ्यात आवडतं ते हे, की साडीला पूर्ण उलगडायला वेळ असतो. दुकानात गादीवर विक्रेता झरझर साड्या फेकतो, पदराचं टोक दाखवतो आणि पुढची काढतो. इथे साडी माणसांच्या हातांतून फिरते. पैठणी आली तेव्हा मी तिचा पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागी गुंफून फिरवलेला असतो. या पदराच्या मागे सुटे, कापलेले धागे होते. मी काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "ताई, ही सेमी आहे. यंत्रमागावरची. म्हणून तर साडेतीन हजारांत आहे. अस्सल हातमागाची माझ्याकडे एकच आहे, ती मी सहसा बाहेर काढत नाही." ती तिने वेगळ्या मांजरपाटातून काढून दाखवली. आम्ही नुसत्या बघत बसलो. किंमत आमच्यापैकी कोणाच्याच आवाक्यातली नव्हती, तरी तिने घडी पूर्ण उलगडली. त्यातला एक पोपट माझ्या नखाएवढा होता आणि त्याच्या चोचीत लाल धाग्याचा एक ठिपका. मागून बघितलं तरी तो ठिपका तिथेच.

सेमी पैठणी घेण्यात काही वाईट नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आमच्यातल्या दोघींनी घेतल्या आणि त्या सुंदरच आहेत. फक्त ती सेमी म्हणून, सेमीच्या भावाने घ्यावी.

तिथेच लेबलांचाही विषय निघाला. एकीने सिल्क मार्क बघून "म्हणजे हातमागाची ना?" असं विचारलं. तसं नाही. सिल्क मार्क २००४ मध्ये सुरू झाला आणि तो फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो. माग हाताचा की यंत्राचा, याच्याशी त्याचा संबंध नाही. हातमागासाठी हॅन्डलूम मार्क वेगळा, तो २००६ पासूनचा, आणि तो असलेली साडी सुतीही असू शकते. धाकटीने आणखी एक खूण दाखवली. हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही कडांना टोचण असते, तिची बारीक छिद्रं काठाच्या अगदी कडेला ओळीने दिसतात. चष्मा लावून बघितली तर दिसली. पुढे मी हातात घेतलेल्या प्रत्येक साडीची कड आधी बघायला लागले.

साडेचारच्या सुमाराला लाईट गेली.

आषाढात आमच्याकडे हे काही नवीन नाही. बायका "गेली गो" म्हणून थांबल्या, काकू मेणबत्ती शोधायला निघाल्या. थोरली म्हणाली, "मेणबत्ती नको, विस्तवाजवळ साड्या नकोत. पडवीत येता का सगळ्या?" आम्ही साड्या हातावर घेऊन पडवीत आलो, भिंतीकडेने, पागोळ्यांपासून लांब. आणि तिथे त्या साड्या वेगळ्याच दिसायला लागल्या. आतमध्ये ज्या साडीला आम्ही डाळिंबी म्हणत होतो ती पडवीत चक्क विटकरी निघाली. एक हिरवी ट्यूबखाली झळझळत होती, ती इथे निस्तेज झाली. उलट एक इरकल, जिच्याकडे आत कोणी वळूनही पाहिलं नव्हतं, ती पावसाळी उजेडात अशी काही उठून दिसली की चौघींचे हात एकदम तिच्याकडे गेले.

गडद जांभळं अंग, बारीक गोमी काठ, आणि इरकलीचा तो लाल पदर, पांढऱ्या पट्ट्यांचा, कडेला फणीच्या दातांसारखी नक्षी. इळकल हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव, आपल्याकडे इरकल झालं. या साडीत अंगाचे ताणे वेगळे असतात आणि पदराचे वेगळे. एकाचे धागे दुसऱ्यात अडकवून, फाशासारखे गुंतवून मग पदर विणतात. धाकटीने माझं बोट धरून त्या जोडावरून फिरवलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोटाला एक बारीक उंचवटा लागला, भाताच्या लोंबीच्या कुसासारखा. मला तेव्हाच ती साडी हवी झाली.

पण २०१७ मधली मीही अशीच खूश होते. म्हणून विचारलं, "पदर रेशमाचा की आर्ट सिल्कचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा?" ती म्हणाली, "या गठ्ठ्यातला रेशमाचा, त्या गठ्ठ्यातला आर्ट सिल्कचा. दोघींत दोन हजारांचा फरक त्यासाठीच आहे." मी म्हटलं, धागा जाळून बघितला तर चालेल? पडवीत दोन क्षण फक्त पावसाचा आवाज होता. तिने दोन्ही साड्यांच्या पदराचं एकेक सुटं टोक माझ्या हातात दिलं आणि काकूंकडे काडेपेटी मागितली. आर्ट सिल्क कागदासारखं भुर्र जळलं. दुसऱ्या धाग्याचा वास आला आणि माझ्या डोळ्यांसमोर वादळानंतरची ती दोरी उभी राहिली. राख बोटांत चुरगळली, तशी मी ती कपाळाला लावायची तेवढी बाकी राहिली.

ओला रुमाल जांभळ्या अंगावर घासला. किंचित रंग आला. "पहिल्या दोन पाण्यांत थोडा जाईल, मिठाच्या पाण्यात बुडवून एकटी धुवा," असं तिने स्वतःहून सांगितलं. लांबी मोजली. साडेपाच मीटर पुरे होते, ब्लाऊजपीस वेगळं. मग सुनेला मुंबईला व्हिडिओ कॉल लावला. फोनवर जांभळा रंग निळा दिसत होता. ती म्हणाली, "आई, फोनवर काही कळत नाहीये. तुम्ही हातात धरलीय ना, तुम्हीच ठरवा." ६,८०० रुपये. बिल घेतलं, त्यावर "पदर शुद्ध रेशीम, अंग सुती, हातमाग" असं लिहवून घेतलं. थोरलीने ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

लाईट आल्यावर आम्ही आत गेलो आणि कुर्त्यांचं सुरू झालं. त्यांची पद्धत अशी, की प्रत्येक नमुन्याचा एकच कुर्ता चार मापांत आणायचा. तो घालून बघायचा, कापड वेगळं निवडायचं, मापं द्यायची, निम्मे पैसे भरायचे आणि शिवून गणपतीच्या आधी पार्सल. घालून बघायला काकूंची मागची खोली, तिथे कपाटाचा उभा आरसा.

या खोलीबद्दल मला लिहायलाच हवं. हर्णैहून एक मावशी आल्या होत्या, काकूंकडे वर्षानुवर्षं मासळी घालणाऱ्या. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे दुपार मोकळी. मुलीच्या साखरपुड्यात घालायला त्यांना ड्रेस हवा होता, आयुष्यात पहिल्यांदा. मला त्या हळूच म्हणाल्या, "दुकानात मी जातच नाय. बाजार उठल्यावर जायचं तर पाटीचा वास. पोरगा लांबूनच दाखवतो, हात लावू देत नाय." आणि तयार कपडा त्यांना होतही नाही, कारण इतकी वर्षं टोपल्या उचलून त्यांचे खांदे आणि दंड भक्कम झालेत. एक्स्ट्रा लार्ज घेतला तर अंगात झोळ आणि बाहीत हात अडकतो.

धाकटीने दार लावून मापं घेतली. मी आतच होते, वहीत आकडे लिहीत. छाती, कंबर, उंची, मुंढा, खांदा. दंडघेराला तिने टेप गुंडाळली आणि म्हणाली, "पंधरा. लिहा ताई, पंधरा." आवाजात ना नवल, ना कौतुक, जशी छाती छत्तीस तसा दंड पंधरा. मग तिने मावशींना हात डोक्यावर नेऊन टोपली धरल्यासारखं करायला सांगितलं आणि त्या अवस्थेत मुंढा पुन्हा मोजला. "साखरपुड्यात टोपली कशाला उचलतेय मी?" मावशी म्हणाल्या. "नंतरही घालाल ना," ती म्हणाली. मावशी आरशात स्वतःकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी सायलीच्या पानासारखा हिरवा रंग निवडला. पैसे नारळी पौर्णिमेनंतर, होड्या बाहेर पडल्यावर द्यायचे ठरले. थोरलीने वहीत तसंच लिहिलं, काही न विचारता.

असं माप, असा वेळ आणि असं बंद दार बायकांना दुकानात क्वचितच मिळतं. भिडेचा धोका माहीत असूनही मी अशा प्रदर्शनांना जाते ते यासाठी.

माझ्या कुर्त्याचं लवकर आटपलं. राखाडी सुती, खिशासकट. खिसा दोन्ही बाजूंना हवा असं मी बजावून सांगितलं. शेवटी काकूंनी एक टसर समोर धरली आणि म्हणाल्या, "ही तुला फार शोभेल हो." शोभलीच असती. मी म्हटलं, "काकू, साडी सुंदर आहे, पण माझा आकडा संपला." त्यांनी घडी घातली आणि मला पोह्यांची बशी दिली. इतकंच. सात वर्षं, आठ वर्षं ज्या वाक्याला मी घाबरत होते ते एवढं साधं निघालं.

पार्सल आलं ते नागपंचमीनंतर. मावशींच्या ड्रेसची बाही नीट बसली, माझ्या कुर्त्याला मात्र एकच खिसा आला. फोन केल्यावर धाकटीने "चूक आमचीच" म्हणून पुढच्या खेपेला दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं आणि दिलंही, दिवाळीआधी.

इरकलीला फॉल-पिको करून मी ती जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली. आमच्या हवेत प्लास्टिकमध्ये ठेवली की बुरशी आलीच, आणि डांबराची गोळी जरीला लागली तर जर काळी पडते, म्हणून कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी. गौरीच्या दिवशी सुनेने घडी मोडली. सुपं घेऊन आम्ही घराकडे येत होतो आणि मधल्या पाणंदीत सर आली. सुपांवर माणसांनी छत्र्या धरल्या, साडीवर कोण धरणार? घोट्यापासून वीतभर साडी भिजली. तिने घाबरून माझ्याकडे बघितलं.

रात्री मी ती पंख्याखाली दांडीवर पसरली. सकाळी बघितलं तर भिजलेल्या पट्ट्यात सुती अंग थोडं आक्रसलं होतं आणि गोमी काठाला बारीक चुण्या पडल्या होत्या. सुनेला वाईट वाटलं. मी तिला काठाचं एक टोक धरायला दिलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही दोघींनी तो हलक्या हाताने ताणून सरळ केला.